घरचं शिजवलेलं की कच्चं मांस? कुत्र्या-मांजराच्या ताटातलं कॅल्शियम, टॉरिन आणि जंतू

लांबशेपटी (प्रश्न)

घरात १२ किलोचा, ५ वर्षांचा, नसबंदी झालेला कुत्रा आणि ४ किलोची मांजर आहे. पुढच्या महिन्यात मोठ्या जातीचं आठ आठवड्यांचं पिल्लूही येणार आहे. कुत्र्याचं कोरडं तयार खाणं बंद करून तीन आठवडे घरचं शिजवलेलं चालू आहे. दोन्ही वेळचं मिळून रोजचं प्रमाण असं:

बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन ब्रेस्ट ३०० ग्रॅम (कच्चं असतानाचं वजन), शिजलेला भात २०० ग्रॅम, गाजर-भोपळा मिळून ५० ग्रॅम, तेल १ चहाचा चमचा, आणि कुत्र्यांसाठीच्या मल्टिव्हिटॅमिनची एक गोळी.

वजन स्थिर आहे, शी घट्ट होते, केसांची तुकतुकी चांगली आहे. विचारायचं ते असं:

१) यात काय कमी पडतंय? कॅल्शियमसाठी हाडांचं सूप घालून चालेल का?
२) ८०:१०:१० म्हणजे ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव, असं कच्चं देणं जास्त नैसर्गिक म्हणतात. मांस आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात ना?
३) हेच जेवण मांजरीला देता येईल का?
४) पिल्लाला पहिल्या दिवसापासून घरचंच दिलं तर?

वजनकाटा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी कॅलरी. वजनाला वजनाने दोनदा गुणा (१२ × १२ × १२ = १७२८), कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा (६.४५ येईल), त्याला ७० ने गुणा. ४५० किलोकॅलरी ही त्याची स्वस्थ पडून राहिल्यावरची गरज झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला याच्या साधारण १.६ पट लागतं, म्हणजे ७२० च्या आसपास. तुमच्या ताटात ६७० ते ६८० भरतात आणि वजन टिकून आहे, तेव्हा त्याला हात लावू नका.

आता कॅल्शियम. ३०० ग्रॅम चिकन, भात आणि भाज्या मिळून जेमतेम ६० ते ७० मिलिग्रॅम होतं. पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या प्रमाणानुसार प्रौढ कुत्र्याला दर १००० किलोकॅलरीमागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम हवं, म्हणजे तुमच्या कुत्र्याला रोज साधारण ८५० ते ९०० मिलिग्रॅम. गरजेच्या दहाव्या हिश्शाइतकंही जात नाहीये. त्यात चिकनमधून फॉस्फरस मात्र ७०० मिलिग्रॅमच्या वर जातोय. कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने आणि फार तर दुप्पट असायला हवं. तुमच्याकडे ते प्रमाण १ ला ११ असं उलटं आहे.

हाडांच्या सुपाने हे भरून निघत नाही. हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरतच नाही. उतरतं ते जिलेटिन आणि चरबी. अंड्याच्या कवचाची पूड वापरा. कवचं धुऊन १० मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा आणि गाळून घ्या. चाळणीवर राहिलेली भरड पचत नाही आणि आतड्याला टोचते. या पुडीत साधारण ३८ टक्के कॅल्शियम असतं, त्यामुळे रोज २.२ ग्रॅम पुरेल. सपाट चहाचा चमचा ५ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे अर्ध्या चमच्याहून किंचित कमी. पण चमच्यावर विसंबू नका. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, कारण स्वयंपाकघरातला मोठा काटा दोन ग्रॅमला काहीही सांगतो.

बोन मील, म्हणजे हाडांची पूड, का नको, असं विचाराल. त्यात कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही असतो, आणि तो तुमच्या ताटात आधीच भरपूर आहे.

एवढ्यावर ताट पूर्ण झालं असं मात्र समजू नका. जस्त रोज १४ मिलिग्रॅमच्या आसपास हवं, मिळतंय ३. तांबं १.३ मिलिग्रॅम हवं, मिळतंय त्याच्या पावपट. आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व, मासळीतलं ओमेगा-३, हे सगळं जवळजवळ शून्य. उन्हात बसून ड जीवनसत्त्व मिळेल हा हिशेब माणसाचा. कुत्रा आणि मांजर कातडीत ते पुरेसं तयार करू शकत नाहीत, त्यांना ते खाण्यातूनच लागतं.

तुमची गोळी इथे कामाची नाही. असल्या गोळ्या संपूर्ण तयार खाण्यावर वरकड म्हणून बनवतात. त्यात कॅल्शियम आणि जस्त नावापुरतं असतं. पाहिजे ते 'घरच्या स्वयंपाकासाठीचं संपूर्ण खनिज-जीवनसत्त्व मिश्रण'. घेताना डबा फिरवून वाचा: दर ग्रॅममध्ये कॅल्शियम, जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई किती हे आकड्यांत लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ते कोणत्या कृतीत किती घालायचं तेही. त्या मिश्रणात कॅल्शियम असेल तर अंड्याची पूड बंद करा, दोन्ही एकत्र नको. माणसांच्या गोळ्या तर अजिबात नकोत. काहींमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याची साखर धाडकन उतरवतं आणि यकृत निकामी करू शकतं.

रोज वेगवेगळं दिलं की आपोआप भरून निघतं, हेही मनातून काढा. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागाने कुत्र्यांच्या २०० पाककृती तपासल्या. बऱ्याचशा तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. त्यातल्या ९५ टक्क्यांत निदान एक आवश्यक घटक कमी होता आणि ८३.५ टक्क्यांत एकाहून जास्त. उणिवा त्याच त्याच असतील तर पाककृती कितीही बदला, जस्ताची जागा रिकामीच राहणार.

पेट्रीडिश

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, फ्रीझरने जिवाणू मरत नाहीत. ते थंडीत थांबतात आणि मांस वितळलं की पुन्हा वाढायला लागतात. गोठवून वाळवलेल्या खाण्याचंही तेच.

फ्रीझरचा उपयोग परजीवींपुरता. मासे उणे २० अंशांवर पूर्ण ७ दिवस ठेवले की त्यातल्या अळ्या मरतात. मांसातल्या टॉक्सोप्लाझ्माच्या गाठी उणे १२ अंशांखाली निकामी होतात. मेंढी-बकरीच्या फुप्फुसा-यकृतातल्या पाण्याच्या गाठींसाठी उणे १८ ते २० अंशांवर १० दिवस धरा. या गाठी नीट समजून घ्या, कारण धोका तुम्हाला आहे. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकोकस हा चिमुकला पट्टकृमी वाढतो. कुत्र्याला काहीच होत नाही, पण त्याच्या शीतून पडलेली अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिड गाठ होते. असे अवयव कच्चे देणाऱ्या घरात प्राझिक्वान्टेल या जंतनाशकाचा डोस दर सहा आठवड्यांनी लागतो, तोही पशुवैद्याने वजन बघून ठरवलेला. अवयव शिजवले तर हा सगळा खटाटोप वाचतो.

डुकराचं मांस कच्चं कधीही देऊ नका. ऑजेस्की रोगाचा विषाणू मोठ्या डुकरांत बहुधा सौम्य असतो. कुत्र्या-मांजरात मात्र तो असह्य खाज आणि झटके आणून दोन-तीन दिवसांत जीव घेतो. त्यावर इलाज नाही.

जिवाणूंचे आकडे हवे असतील तर नेदरलँड्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी बघा. दुकानातल्या ३५ गोठवलेल्या कच्च्या खाद्यांपैकी ५४ टक्क्यांत लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस, २० टक्क्यांत साल्मोनेला आणि २३ टक्क्यांत ई. कोलाय ओ१५७ सापडला. ८० टक्क्यांत प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय होते, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. ते कुत्र्याच्या पोटातून घरात पसरतात आणि कुणी आजारी पडलं की नेहमीचं औषध लागू पडत नाही.

मांजरीसाठी आता बर्ड फ्लूही आहे. २०२३ मध्ये पोलंड आणि दक्षिण कोरियात मांजरं एच५एन१ ने मेली. कोरियातल्या आश्रयगृहांत तो निर्जंतुक न केलेल्या बदकाच्या मांसाच्या खाद्यातून आला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात घरातच राहणारं एक मांजर मेलं आणि त्याने खाल्लेल्या गोठवलेल्या कच्च्या टर्कीत तोच विषाणू निघाला. गोठवल्याने विषाणू टिकतो, शिजवल्याने मरतो. मांजर असलेल्या घरात कच्चं कोंबडी-बदक आणि कच्चं दूध सध्या तरी आणूच नये, असं माझं ठाम मत आहे.

लांबशेपटी

दोघांचेही आभार. दोन शंका. कुत्र्याची रक्ततपासणी परवाच झाली, त्यात कॅल्शियम नॉर्मल आलंय. मग कमतरता कशी? आणि कुत्र्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की साल्मोनेला त्यात टिकत नाही, असं वाचलंय.

वजनकाटा

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल येणारच. ते जरा उतरलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढून रक्तात ओतते, कारण हृदय आणि स्नायूंना ते क्षणोक्षणी लागतं. आकडा चांगला दिसतो आणि हाड पोकळ होत जातं. एक्स-रेमध्येसुद्धा हाड फिकट दिसायला लागतं ते बरंच कॅल्शियम निघून गेल्यावर. म्हणून रिपोर्ट बघून ताट ठरवू नका, ताटाचा हिशेब मांडा. प्रौढ कुत्र्याच्या हाडात साठा मोठा असतो, तीन आठवड्यांनी घाबरायचं कारण नाही. दुरुस्ती आजपासून करा.

पेट्रीडिश

आम्लाचा मुद्दा अर्धा खरा आहे. निरोगी कुत्रे साल्मोनेलाने क्वचितच आजारी पडतात. पण २००७ च्या कॅनडातल्या एका प्रयोगात १६ कुत्र्यांना साल्मोनेला असलेलं कच्चं खाणं एकदाच दिलं, तर त्यातल्या ७ जणांच्या शीतून पुढे १ ते ७ दिवस जिवंत साल्मोनेला पडत होता. कुत्रे ठणठणीत होते. कुत्रा चांगला दिसतो म्हणून कुणी हात धुण्याची काळजी घेत नाही, आणि तो शेपटीखाली चाटून मुलांचं तोंड चाटतो. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, कीमो किंवा स्टिरॉइड चालू असलेलं कुणी असेल तर कच्चं नकोच.

रानवाट

कच्चं देणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द, आणि सावधगिरीही त्याच तोंडाने. कच्च्यावर कुत्रे चवीने खातात, शी कमी आणि घट्ट होते, हे खरं आहे. मात्र घट्ट शी म्हणजे पोषण पूर्ण असं नाही. पांढरी, खडूसारखी भुगा होणारी शी दिसली तर हाड जास्त झालंय. पुढची पायरी बद्धकोष्ठ.

८०:१०:१० मध्ये कॅल्शियम साधारण जुळतं, तरी मँगनीज, जस्त, आयोडीन, ड आणि ई यांत ते ताटही तोकडंच. १० टक्के अवयवांत निम्मी कलेजी, म्हणजे एकूण ताटाच्या ५ टक्के. त्यापुढे जाऊ नका. तांब्यासाठी कोंबडीची कलेजी फारशी उपयोगाची नाही, बकरी-मेंढीच्या कलेजीत ते कितीतरी पट जास्त. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: घशाकडचं मांस, अन्ननलिका, श्वासनळीचे तुकडे रोज देऊ नका. त्याला थायरॉइड ग्रंथी चिकटून येते आणि कुत्र्याच्या रक्तात थायरॉइडचं प्रमाण वाढतं. वजन उतरतं, तहान वाढते, अस्वस्थपणा येतो. ते मांस थांबवलं की उतरतं.

हाडांबद्दल. शिजवलेलं हाड तुटतं ते टोकदार. कच्चंही निर्धोक नसतं: जनावराच्या पायाची नळी चावताना वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, तर मणक्याचा तुकडा अन्ननलिकेत अडकतो. नखाने दाबून खाच पडत नाही ती कोणतीही वस्तू दातासाठी फार कठीण समजा. हाड द्यायचंच तर बारीक दळून, वजन करून.

तरीही कुणी कच्चं देणारच असेल तर: मांस फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात वितळवा, ओट्यावर नको. सिंकमध्ये मांस धुऊ नका, शिंतोडे हातभर उडतात. बोर्ड, सुरी, वाडगं वेगळं ठेवा. वाडगं स्टीलचं घ्या, प्लास्टिकच्या चऱ्यांत थर बसतो. २० मिनिटांत जे उरेल ते टाका. भांडी आधी साबणाने घासा, मग कढत पाण्याने धुवा. चिकट थर तसाच राहिला तर जंतुनाशक वरच्यावर फिरतं. शी लगेच उचला.

निळेडोळे

मांजरीचं राहिलंय. कुत्र्याचं ताट मांजरीला नको, शिजवलेलंही नाही आणि कच्चंही नाही.

कुत्रा मांसातल्या इतर अमिनो आम्लांपासून टॉरिन बनवतो, मांजरीला ते पुरेसं जमत नाही. कमी पडलं की डोळ्याचा पडदा मधोमध झिजायला लागतो आणि हृदयाचा स्नायू पातळ होऊन फुगतो. १९८७ साली डॉ. पॉल पिऑन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मांजरांमधला हा हृदयविकार टॉरिनच्या कमतरतेने होतो आणि टॉरिन दिल्यावर हृदय सुधारतं. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. टॉरिन पाण्यात विरघळतं. मांस उकळून पाणी ओतलंत की तेही गेलं. म्हणून मांजरीसाठीचं मांस कमी पाण्यात शिजवा, ते पाणी ताटातच घाला आणि वर ४ किलोच्या मांजरीला रोज २५० मिलिग्रॅम शुद्ध टॉरिन द्या. जास्तीचं लघवीतून जातं, त्यामुळे हात आखडू नका.

गाजर-भोपळ्यातून तिला अ जीवनसत्त्वही मिळत नाही. बीटा-कॅरोटीनचं रूपांतर मांजर करू शकत नाही, ते प्राण्याच्या मांसातूनच लागतं. म्हणून कुणी रोज वाटीभर कलेजी घालायला लागतं आणि ती दुसरी चूक. काही महिन्यांत मानेचे मणके एकमेकांना चिकटतात, मांजर मान वळवून अंग चाटू शकत नाही.

कच्चे मासे नकोत. अनेक माशांत थायमिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व फोडून टाकतं. मांजर मान खाली घालून चालायला लागलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, तोल गेला तर दवाखाना त्याच तासाला. इंजेक्शन वेळेत मिळालं तर भरून येतं. शिजवल्यावर थायमिनेज नष्ट होतं. कच्चं अंडंही टाळा, पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन बांधून ठेवतं.

डेव्हिसच्याच गटाने २०१९ मध्ये मांजरांच्या ११४ पाककृती तपासल्या. सगळ्या निकषांवर एकही पुरी उतरली नाही. म्हणून मांजरीला संपूर्ण तयार ओलं खाणं हा मुख्य आहार ठेवा, आणि घरचं शिजवलेलं चिकन रोजच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपर्यंत. तिची गरज अंदाजे २४० किलोकॅलरी आहे. १० टक्के म्हणजे शिजवलेलं ब्रेस्ट १५ ग्रॅम. दोन बोटांएवढा तुकडा, बस.

वजनकाटा

चौथा प्रश्न: नको. मोठ्या जातीच्या पिल्लाला वाढ पूर्ण होईपर्यंत 'वाढीसाठी, मोठ्या जातींसह' असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं संपूर्ण तयार खाणं द्या.

त्याला दर १००० किलोकॅलरीमागे कॅल्शियम किमान ३ ग्रॅम आणि कमाल ४.५ ग्रॅम लागतं. एवढ्या अरुंद पट्टीत रोज राहायचं, तेही दर आठवड्याला वजन वाढत असताना. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू जास्तीचं कॅल्शियम आतड्यात अडवू शकत नाही, जितकं घालाल तितकं बरंचसं आत जातं आणि सांध्यांची वाढ बिघडते. म्हणून तयार खाण्यावर कॅल्शियमची पूड किंवा सिरप घालू नका, कुणीही प्रेमाने सांगितलं तरी. उलट नुसतं मांस-भात दिलं तर काही आठवड्यांतच लंगडणं, पाय वाकणं सुरू होतं. ओली फांदी वाकून अर्धवट मोडावी तसं हाड मुडपतं. आधीचं उदाहरण बघा: तुमच्या ताटात १००० किलोकॅलरीमागे ०.१ ग्रॅम कॅल्शियम आहे. प्रौढाला ते वर्षभर कुरतडत राहील, पिल्लाला महिन्यात आडवं करेल.

लांबशेपटी

पिल्लाचं आणि मांजरीचं पटलं, तयार खाणंच देणार. कुत्र्याचं घरचं चालू ठेवायचंय. आठवड्याचं एकदम करून ठेवलं तर मिश्रण कधी घालायचं?

निळेडोळे

रोजच्या रोज, खायला देताना. आठवड्याच्या पातेल्यात १५ ग्रॅम पूड ढवळली की एका डब्यात दुप्पट आणि दुसऱ्यात काहीच नाही असं होतं. शिवाय ब-१ उष्णतेने जातं, म्हणून जेवण कोमट झाल्यावरच मिसळा.

चिकनच्या तुकड्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसून ७४ अंश येईपर्यंत शिजवा, दुसऱ्या जनावराचा खिमा असेल तर ७१. कांदा, लसूण किंवा त्यांची पूड असलेलं तयार स्टॉक काहीही नको. शिजवलं तरी त्यातलं विष जात नाही, रक्तपेशी फुटतात. शिजलेलं पातेलं तसंच झाकून ठेवू नका. दोन इंचांहून उथळ डब्यांत पसरा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. ४ अंशांवर तीन दिवसांचं, बाकीचं उणे १८ वर. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलंत तर ढवळून बोट घालून बघा, मधे चटका बसेल असा गोळा राहतो.

ब्रेस्टऐवजी मांडी आणलीत तर चरबी वाढते, कॅलरीचा हिशेब पुन्हा करा. मिश्रण मिळाल्यावर पहिले तीन दिवस पाव मात्रा, मग अर्धी, साधारण दहा दिवसांत पूर्ण; एकदम घातलं तर वासामुळे तोंड फिरवतो. मांजरीचं खाणं बदलतानाही असंच हळूहळू, पण तिच्या बाबतीत 'भूक लागली की खाईल' हे धोरण चालत नाही. सलग दोन दिवस तिने काही खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठायला लागते. चोवीस तास उपाशी राहिली की जुनं खाणं परत द्या, तेही नाकारलं तर दवाखाना गाठा.